मदत हवी आहे: २१४७४८३६४७ चे विभाजक आणि ८ ची बाकी

नमस्कार मंडळी, नागपूरहून, महालातून लिहितेय. दहावीतल्या भाचीने विज्ञान प्रदर्शनासाठी २१४७४८३६४७ ही मूळ संख्या घेतलीय, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हे हाताने सिद्ध केलं, याचंच तिला भारी अप्रूप!

ती मूळ आहे हे दाखवायला संभाव्य विभाजक तपासावे लागतात. असा विभाजक मूळ असेल तर त्याला ६२ ने भागून बाकी १ च उरते, हे फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (विषम मूळ संख्या p ने २ चा p−१ वा घात भागला की बाकी १ उरते) समजावलं. अडलंय पुढे. अशा विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च का? २ चा ३२ वा घात हा वर्ग आहे आणि अशा विभाजकाने भागल्यावर त्याची बाकी २ येते, म्हणून बाकी २ देणारे वर्ग पाहिले.

७, १७, २३ ने अनुक्रमे ३, ६, ५ चे वर्ग भागले की बाकी २ येते, हे तिने स्वतः शोधलं. ११, १३ ला असा वर्ग सापडतच नाही. का, हे वर्गशेषाचा (वर्गांना मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांचा) सिद्धांत न आणता, दहावीच्या गणितात कसं सांगू? प्रदर्शन शनिवारी आहे.