पावसाळ्यात शहर बसची पर्यायी वाट आधीच ठरवून ठेवता येणार नाही का?

प्रश्न | वडगावची प्रवासी

नमस्कार. मी रोज बेळगावातल्या वडगावहून मध्यवर्ती बसस्थानकावर आणि तेथून दुसऱ्या बसने कॅम्पात नोकरीसाठी जाते. मागच्या जुलैत सलग तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची परतीची बस नाल्याच्या अलीकडेच थांबली आणि वाहकाने सगळ्यांना उतरायला सांगितले. आम्ही चाळीसएक जण होतो. त्यांत बाजारातून रिकाम्या बुट्ट्या घेऊन परतणाऱ्या भाजीवाल्या बायका होत्या, शाळेची मुले होती. गुडघाभर पाण्यातून एकमेकींचे हात धरून आम्ही पलीकडे गेलो. एका आजींची एक चप्पल वाहून गेली, तेव्हा त्यांनी दुसरीही काढून बुट्टीत टाकली आणि अनवाणीच घर गाठले. दुसऱ्या बाजूने एखादी बस येईल का, हे त्या वाहकालाही माहीत नव्हते.

बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात शिरते आणि भाताची रोपे कुजतात, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. आता मात्र तासाभरात एवढा पाऊस कोसळतो की पाणी रस्त्यावरच उभे राहते. येळ्ळूर, पिरनवाडी, मच्छे, हिंडलगा, कंग्राळी अशा सगळ्या बाजूंनी शहर वाढत आहे आणि 2023 च्या जूनपासून महिलांना मोफत प्रवास देणाऱ्या कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळे बसमध्ये महिलांची गर्दीही वाढली आहे. विजेवरच्या बस आल्या की सगळे सुरळीत होईल, असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. बदलत्या हवामानात शहराची बससेवा टिकायची असेल तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर | निवृत्त चालक, निपाणी भाग

ताई, मी हयातभर निपाणी-चिकोडीकडच्या मार्गांवर गाडी चालवली, म्हणून अनुभवाचे तेवढे सांगतो. आमच्याकडे पूर नवा नाही. वेदगंगेवरचे जत्राट-भिवशी आणि अकोळ-सिदनाळ, दूधगंगेवरचा कारदगा-भोज, कृष्णेवरचा कल्लोळ-यडूर हे पूल मोठ्या पावसात पाण्याखाली जातात. राधानगरी, काळम्मावाडी, कोयना या धरणांतून किती विसर्ग सुरू आहे हे कळले, की कोणता पूल कधी जाणार याचा अंदाज आम्हाला आधीच येई. कोणती फेरी कोठून वळवायची आणि कोणत्या गावाची मुक्कामाची गाडी अलीकडेच थांबवायची, हे पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी ठरलेले असे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा आमचाही इलाज चालला नाही. पण एरवी ही पद्धत उपयोगी पडली.

शहरात नेमकी हीच गोष्ट नाही. सखल जागा कोणत्या, हे प्रत्येक चालकाला तोंडपाठ असते, पण ते कोठेही लिहून ठेवलेले नसते. तो चालक बदलून गेला की त्याची माहितीही त्याच्याबरोबर जाते.

आणखी एक सांगतो. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आले असेल तर गाडी घालू नये. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढले की ते जागीच बसते. पाण्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक भिजलेले असतात, म्हणून थोडे अंतर हलका ब्रेक दाबत ते सुकवून घ्यावे लागतात. वाहकाने तुम्हाला अलीकडे उतरवले ते जीव जपण्यासाठीच. तुमचा वाहक चुकला नाही, त्याच्या हातात दुसरी वाट कोणी दिलेली नव्हती.

उत्तर | स्थापत्य अभियंता, टिळकवाडी

काकांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढले की हवा सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो थोड्या वेळात अधिक जोराने पडतो. आपली गटारे आणि मोऱ्या जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या आहेत. त्यात पूर्वी जे पाणी शेतात मुरत असे, ते आता फरशी आणि काँक्रीटवरून थेट नाल्यात येते. मोऱ्या मोठ्या करायला वर्षे लागतील. ते काम सोडून चालणार नाही, पण तोवर बस थांबवून ठेवता येणार नाही.

विजेवरच्या बसबद्दल विरोध नाही. मात्र बॅटरीला पाण्यापासून संरक्षण असले तरी आगारातले चार्जर आणि रोहित्र सखल जागी असतील, तर एका रात्रीत सगळा ताफा अडकतो. डिझेलची टाकी भरलेली बस निदान दुसरीकडे हलवता येते. 2021 च्या जुलैत चिपळूणचे एसटी आगार बुडाले आणि आगारप्रमुख रोकड वाचवण्यासाठी तासन्‌तास बसच्या टपावर बसून राहिले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. 2012 च्या सँडी वादळात न्यू जर्सीच्या रेल्वेने गाड्या सखल यार्डांत ठेवल्या आणि तीनशेहून अधिक इंजिने व डबे पाण्यात गेले. म्हणून चार्जिंगची जागा निवडताना मोकळा भूखंड कोठे मिळतो यापेक्षा पाणी कोठवर चढते, हे आधी पाहावे. उंच जोते आणि पर्यायी वीजपुरवठा यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. नंतर तो कोणी मंजूर करत नाही.

उत्तर | अनगोळची शिक्षिका

उन्हाचाही विचार व्हावा. बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणत, पण एप्रिलमध्ये दुपारी एकच्या सुमारास पत्र्याच्या थांब्याखाली बसवत नाही. लोखंडी बाकाला हात लावता येत नाही. ज्या थांब्यावर जुने झाड आहे तेथे प्रवासी पत्र्याखाली न बसता झाडाखाली उभे राहतात, हे मी रोज पाहते. रस्तारुंदीत झाड गेले, तर त्याच थांब्याजवळ दुसरे लावून ते जगवण्याची जबाबदारी कोणावर तरी लेखी सोपवलेली असावी.

मार्ग बदलल्याची सूचना कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत हवी. संकटाच्या वेळी म्हाताऱ्या माणसाला फलक वाचून दाखवणारे कोणी भेटेलच असे नाही.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर | वडगावची प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. काकांचे म्हणणे वाचून त्या वाहकाबद्दलचा राग गेला. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा जणी वेगवेगळ्या मार्गांनी रोज प्रवास करतात. पाणी कोठे साचते, किती वाजता चढते आणि कोणत्या थांब्यापर्यंत बस येऊ शकते, हे आम्ही या पावसाळ्यात वहीत तारखेनिशी लिहून ठेवणार आहोत. काका, आपण निपाणीकडे पर्यायी फेऱ्यांचा कागद कसा आखत होता, त्याचे रकाने येथे लिहून देऊ शकाल का? त्याच नमुन्यात आमची माहिती भरून पुढच्या मे महिन्याआधी आगारात आणि महानगरपालिकेत द्यावी, असा विचार आहे.