टेंटमधे पाणी अन् गारठा दोन्ही शिरायलेत, काय काय बदल करू?

पैठणचा_भटक्या:
नमस्कार मंडळी. माझ्याकडं तीन माणसांचा डोम टेंट आहे, वरचा फ्लाय, म्हणजे पावसाचं बाहेरचं कापड, अर्धाच, टोपीसारखा नुसता डोक्यावर बसतो, अन् छताला सगळी जाळी. ऑगस्टमधे लेकीला घेऊन म्हैसमाळला गेलतो, रात्रभर भुरभुर चालू अन् ढग पार टेंटाला टेकलेले, पहाटे बघतो तर तिची चादर पायाकडून पिळावी इतकी ओली, तशीच उचलून गाडीत नेऊन झोपवली. खाली चांगली मोठी ताडपत्री अंथरलेली, चारी बाजूनी हातभर बाहेर, तरी फ्लोअर खालून ओला. आता डिसेंबरात कन्नडकडं मित्राच्या शेतात राहायचंय, गौताळ्याच्या डोंगराला लागून रान आहे, गारठा लई असतो तिथं. जाळीला आतून प्लास्टिक लावून सगळं पॅक करू का? नवीन घ्यायचा नाही, हाच नीट करायचाय.

गोदाकाठ:
भाऊ, घोळ त्या ताडपत्रीतच आहे. ती बाहेर आली की टेंटावरून ओघळलेलं सगळं पाणी झेलते अन् फ्लोअरखाली नेऊन साठवते, मग वर आपण झोपलो की अंगाच्या वजनानं तेच वर झिरपतं. कडा दोन-तीन बोटं आत दुमडा, दुमड खालच्या अंगाला, वरून ताडपत्री दिसलीच नाही पाहिजे.
मग शिलाया. अंगणात टेंट लावा, बाहेरून कुणीतरी पाइप मारा अन् तुम्ही आत खडू घेऊन बसा, थेंब आला की खूण. कापड आतून चकचकीत असेल तर बहुतेक पीयू म्हणजे पॉलीयुरेथेनचं कोटिंग असतं, त्याला पीयूचंच सीम सीलर, म्हणजे शिलाई बुजवायचं द्रव, लावा, आधी स्पिरिटनं पुसून. हार्डवेअरमधलं सिलिकॉन त्याच्यावर धरत नाही, सालीसारखं निघतं.
अन् मोंढ्यात ताडपत्रीवाल्याकडून हलक्या कापडाचा पूर्ण फ्लाय शिवून घ्या, जमिनीपासून वीतभर वर राहील असा, कडेला रिंगा मारून. आतल्या कापडाला कुठंच टेकू देऊ नका, टेकला की तिथून ओल आत आलीच समजा.

परभणीची_ताई:
दादा प्लास्टिक अजिबात लावू नका!! आम्ही हेच केलं होतं, सकाळी छतावरून टपटप, आम्हाला वाटलं पाऊस, बाहेर तर स्वच्छ आभाळ. तीन माणसांच्या श्वासाची वाफ थंड प्लास्टिकला लागून तिचंच पाणी झालेलं. तुमच्या लेकीच्या चादरीतलं थोडं पाणी असंच आलेलं असणार. जाळी झाकायची तर सुती कापडाचे पडदे वेल्क्रोनं लावा, वारा येतो ती बाजू बंद अन् समोरची वरून वीतभर उघडी, थंडी असली तरी उघडीच.
आणि गारठा वरून कमी, जमिनीतून जास्त लागतो. आमच्या परभणीच्या थंडीत नुसती गादी चालत नाही. शेतातच राहणार तर टेंटाखाली कडब्याच्या पेंढ्या पसरा, वर ताडपत्री, आत फोमची मॅट, तिच्यावर घोंगडी. अंगावर एक पांघरूण कमी असलं तरी चालेल, खाली कमी नको.
एक मात्र हात जोडून सांगते, कितीही गारठा असू दे, शेगडी किंवा निखारे आत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला कळतच नाही.

काळं_रान:
खुंट्या बदला. सोबत येतात त्या बारक्या तारेच्या, काळ्या मातीत पाऊस पडला की लोण्यातून निघाव्या तशा निघतात, फ्लाय ढिला पडतो अन् सगळी मेहनत वाया. वेल्डिंगवाल्याकडून ८ एमएम सळईच्या फूटभर लांब करून घ्या, टोक वाकवून. म्हैसमाळच्या मुरमात पण त्याच चालतील. ठोकताना टेंटाच्या उलट्या दिशेला कलत्या ठोका.

पैठणचा_भटक्या:
ताई, प्लास्टिक कॅन्सल, पडदे बायको शिवून देतीय. काल अंगणात पाइप मारला, लेक बाहेर अन् मी आत. खडूच्या सात खुणा निघाल्या, त्यातल्या पाच तर दाराच्या चेनीवरच्या एकाच शिलाईला, अन् मी इतके दिवस छतालाच दोष द्यायलो होतो. सीलर लावलंय, आज वाळू देतो. रविवारी ताडपत्री आत दुमडून पुन्हा पाइप मारणार, पाइप तीच धरणार म्हणतीय.