नकोशा मेल थांबता थांबत नाहीत: तुमचे अनुभव सांगा

ब्लॉकचं बटण दाबावं, तर दुसऱ्या दिवशी तीच जाहिरात नव्या पत्त्यावरून हजर. आमच्या बाबांच्या इनबॉक्समध्ये पेन्शनच्या मेलच्या आगेमागे 'पूर्वमंजूर कर्ज' आणि 'तुमचं पार्सल अडकलंय' असला गाळ साचलाय. ते एकूण एक मेल उघडून वाचतात आणि घाबरून मला फोन करतात. फोन-मेसेजच्या जाहिराती थांबवायला निदान ट्राय या दूरसंचार नियामकाचा १९०९ हा नंबर आहे, ईमेलला ते लागू नाही. तुम्ही काय केलंत, काय चाललं, काय नाही, सविस्तर लिहा.

रानफूल
जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून कुठलाही शब्द जोडला, तरी मेल आपल्यालाच येते. घरांच्या प्रदर्शनात एका बिल्डरच्या स्टॉलवर मी 'फ्लॅट' जोडून पत्ता दिला. दिवाळीच्या आत त्याच पत्त्यावर विमा, क्लासेस, शेअरच्या टिप्स सुरू! पत्ता कुणी पुढे दिला ते लख्ख कळलं. मग त्या पत्त्यावर येणारं सगळं थेट कचऱ्यात, असा फिल्टर लावला. पाठवणाऱ्याने कितीही नावं बदलू देत. काही फॉर्म मात्र ते चिन्ह घेतच नाहीत, तिथे इलाज नाही.

सर्व्हरवाला
एका कारखान्याची मेल सांभाळतो. मूळ दुखणं जुनं आहे. १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या, नियमांत पाठवणारा खरा की खोटा हे तपासायची सोयच नव्हती. पाकिटामागे कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख तपासायच्या पद्धती आल्यावर खोटं नाव पकडता येतं, पण रीतसर डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) विकत घेऊन गाळ धाडणारा त्यातून सुटतो. २०२४ मध्ये जीमेलने दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून नाव काढायची सोय सक्तीची केली. ओळखीच्या कंपनीची मेल असेल तर ते बटण जरूर दाबा. अनोळखी असेल तर मुळीच नको, पत्ता चालू आहे एवढंच त्यांना कळतं.

शिरपूरकर
माझं नाव-आडनाव खानदेशात गल्लोगल्ली. माझा पत्ता स्वतःचा समजून कुणीतरी बँकेत आणि मुलाच्या शाळेत देऊन ठेवलाय. फीची पावती, कर्जाचं हप्तापत्रक, सगळं माझ्याकडे. ही मेल खरी असल्यामुळे फिल्टर ती अडवत नाही, आणि बंद करायला जावं तर लॉगिन मागतात. ते मी कुठून आणू? बँकेला कळवलं, तर उत्तर आलं, 'खातेदाराने स्वतः अर्ज करावा.' त्या माणसाला हप्ता चुकल्याची नोटीस माझ्याकडे पडून आहे. फार जिवाला लागतं.

पाऊलवाट
दुसरी बाजूही ऐका. भावाचं मुलाखतीचं बोलावणं स्पॅममध्ये गेलं, सापडलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. जीमेल स्पॅममधलं ३० दिवसांनी आपोआप पुसतं, म्हणजे उशीर झाला तर मागमूसही राहत नाही. नोकरी शोधणाऱ्याने फिल्टर कडक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

धागाकर्ती
पाऊलवाट, पटलं. बाबांसाठी आता उलटं केलंय. पेन्शन, बँक, दवाखाना आणि घरची माणसं यांच्या मेलला 'आपलं' असं लेबल लावलं. ते तेवढंच उघडतात, बाकीचं मी रविवारी चाळते. शिरपूरकर, बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवून पाहिलंत का?