क्लच बदलल्यानंतर ट्रॅक्टरचे दोन भाग पूर्ण जुळत नाहीत, 22 मि.मी. फट राहते

प्रश्न : सांगोल्याचा शेतकरी

नमस्कार. आमच्याकडे ड्युअल क्लचचा (गिअरबॉक्ससाठी एक आणि अवजारांसाठी दुसरी, अशा दोन क्लच प्लेटा असलेला), 42 अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर आहे. रोटाव्हेटरवर क्लच घसरू लागल्यामुळे गावातील मिस्त्रींना सोबत घेऊन आम्ही गोठ्याशेजारच्या शेडमध्येच इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केले. दोन्ही क्लच प्लेटा, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधील (इंजिनच्या मागच्या जड चाकातील) शाफ्टचे टोक धरणारे पायलट बेअरिंग नवीन बसवले. आता मागचा भाग चाकांवर ढकलत पुढे आणला असता तो बराचसा सहज येतो, परंतु शेवटी सुमारे 22 मि.मी. फट राहते आणि त्यापुढे काहीही केले तरी सरकत नाही. पट्टीने मोजल्यावर वरच्या बाजूला 24 आणि खालच्या बाजूला 20 मि.मी. भरले. मिस्त्रींचे म्हणणे असे की, बोल्ट घालून चारी बाजूंनी थोडे थोडे आवळत गेल्यास तो आपोआप बसेल. माझे मन त्याला धजत नाही. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 : बारामतीकर

दादा, बोल्ट आवळू नका. बोल्टचे काम जुळलेले भाग धरून ठेवण्याचे आहे, अडलेले भाग ओढून आणण्याचे नाही. मी हीच चूक केली होती. शेवटच्या बोटभर फटीसाठी दोन बोल्ट पान्याला पाइप लावून आवळले, तेव्हा बेल हाउसिंगचा (क्लचवरच्या ओतीव आवरणाचा) कान तुटला; आणि तो वेल्डिंग करून आणल्यावर कळले की नव्या प्लेटीचा हबही (शाफ्ट शिरतो तो मधला भागही) वाकला होता. ट्रॅक्टर पुन्हा वेगळा करावा लागला, प्लेट पुन्हा विकत घ्यावी लागली, आणि ऐन पेरणीत आठ दिवस भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढावे लागले.

उत्तर 2 : जुना गॅरेजवाला

वरच्यांशी पूर्ण सहमत आहे. तुमच्या मापांतच अर्धे उत्तर आहे. वर फट जास्त आणि खाली कमी, याचा अर्थ जॅकने मधला भाग गरजेपेक्षा जास्त उचलला गेला आहे. दोन्ही बाजूंचे जॅक अगदी थोडे थोडे खाली घ्या आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चारही ठिकाणी फट सारखी येईपर्यंत पुढे ढकलूच नका. फटीत चार मि.मी.चा फरक असताना शाफ्ट हबमध्ये तिरका शिरतो आणि अडकतो.

दुसरे असे की, पुढचा एक्सल मध्यावरच्या पिनवर झुलतो, त्यामुळे गिअरबॉक्सपासून सुटलेले इंजिन डावीकडे किंवा उजवीकडे कलू शकते. एक्सल आणि त्यावरील सपोर्ट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना सागाच्या किंवा बाभळीच्या पाचरी घट्ट ठोकल्या आहेत ना, ते आधी पाहा. पुष्कळ जण हे ट्रॅक्टर वेगळा करताना विसरतात आणि जोडताना दिवसभर जॅकशी झटत बसतात. पाचरी नसणे जिवालाही धोक्याचे आहे.

शक्य असल्यास बेल हाउसिंगच्या दोन समोरासमोरच्या भोकांत, डोके कापलेले लांब बोल्ट इंजिनच्या बाजूने बसवा. त्यांच्यावरून मागचा भाग सरळ रेषेत सरकत येतो. कोणी ढकलत असताना बोल्टच्या भोकात बोट घालून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. मी एका पोराचे नख असेच गेलेले पाहिले आहे.

उत्तर 3 : पीटीओवाला, कोल्हापूर

गॅरेजवाल्या काकांनी सांगितलेले आधी कराच. पण फट चारही बाजूंना सारखी होऊनही तेवढीच राहिली, तर अडथळा नेमका कुठे आहे ते शोधावे लागेल. ड्युअल क्लचमध्ये एकात एक असे दोन शाफ्ट असतात. आतला लांब शाफ्ट गिअरबॉक्सला फिरवतो आणि त्याच्यावरचा पोकळ शाफ्ट पीटीओला, म्हणजे रोटाव्हेटरसारखी अवजारे चालवणाऱ्या मागच्या शाफ्टला. आतल्याला एका प्लेटीचे स्प्लाइन (हबमधील दाते) आणि पायलट बेअरिंग सापडावे लागते, तर पोकळ शाफ्टला त्याच वेळी दुसऱ्या प्लेटीचे स्प्लाइन. यांपैकी एक जरी चुकले, तरी काम तिथेच थांबते.

आता तपासणी अशी करा. चाकांना दगड लावून वरचा गिअर टाका, स्टार्टर काढून ठेवा आणि त्या भोकातून रिंग गिअरचे (फ्लायव्हीलच्या कडेचे) दाते टॉमीने, म्हणजे लोखंडी सळईने, ढकलून फ्लायव्हील फिरवा. फ्लायव्हील थोडेसे हलून थांबले, तर आतला शाफ्ट प्लेटीत शिरलेला आहे. त्यानंतर गिअर न्यूट्रल करून पीटीओचा लिव्हर गुंतवा आणि मागचा पीटीओ शाफ्ट हाताने फिरवून पाहा. तो इंजिनला सोबत ओढू लागला, तर पोकळ शाफ्टही शिरला आहे. हलकाच गरगर फिरला, तर तो हबच्या तोंडावर टेकून उभा आहे, असे समजावे. मग एकाने हलका दाब ठेवावा आणि दुसऱ्याने पीटीओ हळूहळू फिरवावा. दात्यांचाच प्रश्न असेल तर एका क्षणी ‘खट्’ होऊन फट मिटते.

तेवढ्यानेही मिटली नाही, तर दाते नव्हे, पीटीओची प्लेटच मध्यावर नाही. क्लच बसवताना दोन्ही प्लेटा कशाने मध्यावर धरल्या होत्या, ते कृपया कळवावे.

प्रश्नकर्त्याचा खुलासा

सर्वांचे मनापासून आभार. एका बाजूची पाचर खरोखरच ढिली होती. ती ठोकून जॅक खाली घेतल्यावर फट चारही बाजूंना 22 मि.मी. झाली, परंतु त्याहून कमी होईना. फ्लायव्हील थोडे हलून थांबत होते, मात्र पीटीओ मोकळाच फिरत होता. प्लेटा मध्यावर आणण्यासाठी आम्ही जुना आतला शाफ्टच वापरला होता, म्हणजे पीटीओच्या प्लेटीला मध्यावर धरणारे काहीच नव्हते आणि ती स्वतःच्या वजनाने खाली बसली होती.

ट्रॅक्टर पुन्हा मागे घेतला, क्लच उतरवला, आणि पंढरपूरच्या लेथवर दोन टप्प्यांचा डमी शाफ्ट करून घेऊन दोन्ही प्लेटा एकाच वेळी मध्यावर आणून क्लचचे बोल्ट आडवे-तिडवे आवळले. स्प्लाइनवर ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढेच लावले, कारण जास्त झाले तर ते उडून प्लेटीवर जाते असे मिस्त्रींनीच बजावले. काल संध्याकाळी पीटीओ जेमतेम पाव फेरा फिरवल्यावर दोन्ही तोंडे हाताच्या दाबानेच मिळाली. बोल्ट त्यानंतर घातले. क्लच पेडलचे फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) जुळवणे तेवढे राहिले आहे.