घरातले पहिले पिल्लू कोणाकडून आणावे? आई पाहिल्याशिवाय आणू नये, असे माझे मत

मेहरूणकाठ, जळगाव

आमच्या घरात आजवर कुत्रा पाळलेला नाही. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा, आई सत्तरीची, घर तळमजल्यावर आणि मागे लहानसे अंगण, अशी परिस्थिती आहे. मुलांनी वर्षभर लावून धरल्यावर पत्नीने व मी होकार दिला. आता पिल्लू आणायचे कोणाकडून, एवढाच प्रश्न उरला आहे. माझे मत पक्के आहे, आणि ते कशामुळे पक्के झाले ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्याने मोबाइलवरची जाहिरात पाहून लॅब्रॅडॉरचे पिल्लू ठरवले व पैसे आधीच पाठवले. विकणाऱ्याने घरी बोलावलेच नाही. रात्री साडेनऊला बसस्थानकाबाहेर केळीच्या खोक्यातून पिल्लू हातात दिले आणि पंचेचाळीस दिवसांचे आहे असे सांगितले. पिल्लाचे पोट टरटरीत होते. खाऊनपिऊन सुखी दिसते, म्हणून आम्ही सगळे खूश झालो. ते जंतांनी फुगलेले पोट आहे हे पुढे डॉक्टरांनी सांगितले. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पाचव्या दिवशी रक्ताची हगवण लागली, आणि सहाव्या दिवशी पहाटे सलाईन चालू असतानाच ते गेले. निदान पार्व्होचे, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांवर हल्ला करणाऱ्या विषाणूचे झाले. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे, आणि भाच्याने पुन्हा कुत्र्याचे नाव काढलेले नाही.

म्हणून माझी अट एकच आहे: पिल्लाची आई राहते त्या जागी जाऊन, तिला पिल्लांसोबत पाहिल्याशिवाय पिल्लू घ्यायचे नाही. ही अट नोंदणी असलेला ब्रीडरच पुरी करू शकतो, असे मला वाटते, आणि त्यासाठी नाशिकला किंवा पुण्याला जावे लागले तरी माझी तयारी आहे. रस्त्यावरचे पिल्लू उचलून आणण्याला मात्र माझा विरोध आहे. त्याचा बाप कोण, स्वभाव कसा निघेल, अंगात कोणता आजार आहे, यांपैकी काहीच माहीत नसते, आणि कधी कुत्रा न पाळलेल्या घराने एवढी जोखीम घेऊ नये.

जंक्शन, भुसावळ

आपली अट मला शंभर टक्के मान्य आहे. तिच्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मात्र अजिबात मान्य नाही. आईचा स्वभाव पाहायचा असेल, तर पुण्याच्या ब्रीडरकडे आपण तिला फार तर अर्धा तास पाहाल, तेही धुऊन-पुसून समोर आणलेली. आमच्या गल्लीतील पिठाच्या गिरणीच्या जिन्याखाली व्यायलेली पिवळी कुत्री मी चार वर्षे रोज पाहत होते. दळण घेऊन येणाऱ्या बायकांकडे ती मान वर करूनही पाहत नसे, गिरणीवाल्याच्या नातवंडांनी पिल्ले उचलली तरी शेपटी हलवत असे, आणि रात्री दोननंतर अनोळखी माणूस वळला तरच भुंकत असे. तिचे पिल्लू मी दोन महिन्यांचे झाल्यावर घरी आणले, त्याला आता सहा वर्षे झाली. बाप कोण हे मलाही माहीत नाही. पण आईविषयी माझ्याकडे चार वर्षांची माहिती होती, आणि इतकी माहिती पैसे मोजूनही कोणाला मिळत नाही.

दुसरे म्हणजे आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला जातो, हे आपल्याला मी सांगायला नको. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळू शकत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. चपट्या तोंडाच्या पगला तेही नीट जमत नाही, आणि बर्फासाठी घडलेल्या हस्कीला इथे आणून दिवसभर एसीत कोंडणे याला मी हौस म्हणणार नाही. गावठी कुत्रा इथल्या हवेतच घडलेला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात भटके कुत्रे दत्तक घेण्यासाठी महानगरपालिका-नगरपालिकांकडे अर्ज करण्याची मुभा दिली आहे. दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, एवढी जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. तेव्हा 'रस्त्यावरून उचलणे' हा शब्द आपण बदलावा, अशी विनंती आहे.

निवृत्त पशुवैद्य, शिरपूर

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. मात्र आजाराच्या बाबतीत थोडी स्पष्टता हवी. पार्व्होची लक्षणे लागण झाल्यानंतर साधारणपणे तीन ते सात दिवसांत दिसतात. मेव्हण्यांचे पिल्लू चौथ्या दिवशी आजारी पडले, म्हणजे लागण बहुधा विकणाऱ्याच्या जागेवरच झालेली होती. हा विषाणू मातीत महिनोन् महिने, सावलीच्या ओल्या जागी त्याहूनही अधिक काळ तग धरतो आणि साध्या साबणाने मरत नाही. त्यामुळे मेव्हण्यांकडचे खोके, वाटी, गोधडी यांतले काहीही आपल्या घरी आणू नये.

भुसावळच्या ताईंनी गावठी कुत्र्याच्या काटकपणाविषयी लिहिले ते उन्हापुरते खरे आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे विषाणूजन्य आजार जात पाहत नाहीत. थंडीत गल्लीत जन्मलेल्या सहा पिल्लांपैकी होळीपर्यंत एखाददुसरेच उरते, हे आपण सगळे पाहतो. पिल्लू कुठूनही येवो, सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, मग तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, हा क्रम चुकवू नये. पुष्कळ लोक एका डोसवर थांबतात. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण त्या पहिल्या डोसाला निष्प्रभ करू शकते आणि ते संरक्षण नेमके कधी संपेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून पुढचे डोस असतात. लस न झालेले पिल्लू मुलांना चावले किंवा त्याचे दात लागून रक्त आले, तर जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिल्लूच तर आहे, असे म्हणू नये.

आता कायद्याविषयी. कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम 2017 सालचे आहेत. त्यांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. अठरा महिन्यांपूर्वी आणि आठ वर्षांनंतर मादीपासून पैदास करता येत नाही. बारा महिन्यांत एकच वेत आणि आयुष्यभरात पाचच, ही मर्यादा आहे. 'पंचेचाळीस दिवसांचे आहे' असे सांगणाऱ्याने म्हणजे स्वतःच्या तोंडाने नियमभंगाची कबुली दिली होती. आठ आठवड्यांची अट उगाच घातलेली नाही. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावले की समोरचे पिल्लू किंचाळून खेळ सोडून देते, आणि दात किती लावायचा हे त्यातूनच शिकले जाते. नऊ वर्षांचा मुलगा असलेल्या घराला या शिक्षणाची किंमत पुढे कळते.

केळीबाग, रावेर

डॉक्टरसाहेबांचा मान राखून लिहितो, पण हे नियम, नोंदणी, मंडळ सगळे शहरातल्या माणसाचे आहे. आमच्याकडे कुत्रे विकत घेण्याची पद्धतच नाही. रानडुकरांपासून बाग राखायला कुत्रे लागते आणि ते शेजारच्या मळ्यातून मागून आणतात. ज्याच्या मळ्यातून आणले त्याचे घर माहीत, कुत्रीही माहीत, आणि उद्या काही बिघडले तर तो माणूस पळून जात नाही, कारण आठवडी बाजारात गाठ पडतेच. याहून जबाबदार ठिकाण दुसरे कोणते? आमची कुत्री दीड महिन्यापूर्वी व्यायली आहे. दोन नर लोकांनी आधीच सांगून ठेवले आहेत, चार माद्या शिल्लक आहेत. जळगावच्या भाऊंनी यावे आणि फुकट घेऊन जावे.

जंक्शन, भुसावळ

रावेरच्या दादांना एक सरळ प्रश्न विचारते. दोन नर गेले, चार माद्या शिल्लक. या चार कोणी नेल्या नाहीत तर त्यांचे काय होते? आणि मागच्या वेताच्या माद्यांचे काय झाले? आमच्याकडे रेल्वेच्या हद्दीलगत थंडीत गोणीत बांधून टाकलेली पिल्ले मला दोनदा सापडली आहेत. दोन्ही वेळा एकजात सगळ्या माद्या होत्या. गोणीचे तोंड सुतळीने शिवलेले होते, म्हणजे टाकणाऱ्याने घरी बसून, सुई घेऊन, सावकाश ते काम केले होते. ते तुमच्याकडचे असे मी म्हणत नाही. पण ज्या कुत्रीचे नसबंदीचे ऑपरेशन झालेले नाही आणि जी दर वर्षी विते, तिचे पिल्लू फुकट मिळाले म्हणून ते ठिकाण जबाबदार ठरत नाही.

पांझराकाठ, धुळे

मी लॅब्रॅडॉरची पैदास करतो, माझ्याकडे नोंदणी आहे, आणि ब्रीडर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तो केळीच्या खोक्यावाला येतो, याचा मला संताप येतो. त्याला गिऱ्हाईक कोणी दिले, हेही बोलले गेले पाहिजे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आपला माणूस जबडा उघडून दात पाहतो, चालवून पाहतो, अंगावरच्या केसांच्या एका भोवऱ्यावरून तासभर वाद घालतो. आणि दहा-बारा वर्षे घरात वावरणारे पिल्लू मात्र तो फोटो पाहून, आगाऊ पैसे पाठवून घेतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना पिल्लू पस्तीस दिवसांचे हवे असते, कारण तेव्हा ते कापसाच्या बोंडासारखे दिसते. आठ आठवडे थांबा म्हटले की ते दुसरीकडे जातात, आणि तो दुसरा कोण असतो हे वर वाचलेच.

धागा सुरू करणाऱ्या भाऊंच्या अटीत एक फट आहे, ती दाखवतो. आई दाखवा म्हटले की बनेल विक्रेता कोणतीही शांत मादी आणून बसवतो. फसायचे नसेल तर तिचे आचळ पाहावेत. आठ आठवड्यांच्या पिल्लांची खरी आई सुटलेल्या, ओघळलेल्या आचळांची असते, अंगाने थोडी उतरलेली असते, केस गळालेले असतात; आणि पिल्ले सोडली की ती तिच्या पोटाखाली घुसतात व ती वैतागून उठून जाते. पिल्लांनी जिच्याकडे ढुंकून पाहिले नाही आणि जी चकाकत बसली आहे, ती त्यांची आई नव्हे.

केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावरही कोणी भाळू नये. त्यावर वंशावळ असते, तब्येत नसते. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आईबापांकडून उतरतो, म्हणून दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत. जो चिडेल त्याच्याकडून घेऊ नये. मी स्वतः गिऱ्हाइकाला पिल्लू देण्याआधी घरात दिवसभर कोण असते ते विचारतो, आणि पुढे काहीही कारणाने सांभाळता आले नाही तर ते मलाच परत करायचे, असे लिहून घेतो. यामुळे काही लोक मला उद्धट म्हणतात. म्हणोत.

केळीबाग, रावेर

ताईंच्या प्रश्नाने राग आला होता, म्हणून दोन दिवस लिहिले नाही. गोणीचे काम आमच्या घरातून कधी झालेले नाही. मागच्या वेतात तीन माद्या होत्या. एक गडी घेऊन गेला, एक सर्पदंशाने मेली, आणि तिसरी महामार्गाकडे जात असे, ती एके दिवशी परत आली नाही. हे लिहिताना उत्तर बरे दिसत नाही, एवढे मला कळते.

धुळ्याच्या भाऊंनी मात्र एक सांगावे. एक्स-रे, नोंदणी, करार हे सगळे ज्याला परवडत नाही, त्या घरातल्या पोरांनी कुत्रा पाळूच नये काय? बाकी डॉक्टरसाहेबांना विचारतो, कुत्रीचे ऑपरेशन आता लगेच करता येईल का?

निवृत्त पशुवैद्य, शिरपूर

लगेच नको. पिल्लांचे अंगावर पिणे पूर्ण सुटू द्यावे आणि कुत्रीचे दूध आटू द्यावे. दूध भरलेले असताना त्या जागी टाके घालणे त्रासाचे होते. पिल्ले वेगळी झाल्यावर काही आठवड्यांनी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून दिवस ठरवावा, आणि तोपर्यंत तिला बांधून ठेवावे, नाहीतर ती पुन्हा गाभण राहील. चारही पिल्लांना जंतांचे औषध सुरू झाले नसेल तर उद्याच द्यावे. ते दर पंधरा दिवसांनी द्यायचे असते. दीड महिना झाला आहे, म्हणजे पहिल्या लसीची वेळही आलीच.

मेहरूणकाठ, जळगाव

सर्वांचे वाचले. रस्त्यावरच्या पिल्लाविषयीचे माझे वाक्य मी मागे घेतो, कारण ताईंना गिरणीखालच्या कुत्रीविषयी जेवढी माहिती होती तेवढी मला कोणत्याही ब्रीडरकडून मिळाली नसती. मात्र आमच्या गल्लीत अशी ओळखीची कुत्री नाही, आणि अनोळखी कुत्रीचे पिल्लू घेण्याविषयीचे माझे मत कायम आहे. धुळ्याच्या भाऊंकडचे पिल्लूही मी निःशंकपणे घेईन. त्यांनी एक्स-रेपर्यंतचे सगळे सांगितले, पण रावेरच्या भाऊंच्या प्रश्नाचे उत्तर अजून दिलेले नाही, हेही नोंदवतो.

पुढच्या रविवारी आम्ही चौघे आणि आई रावेरला येतो. पिल्लू त्या दिवशी घेणार नाही, फक्त पाहू. तशीही त्यांना अजून आठ आठवडे पूर्ण झालेले नसतील. माझ्याकडून एक अट आहे. चारही पिल्लांच्या पहिल्या लसीचा आणि कुत्रीच्या ऑपरेशनचा खर्च मी करीन, मग आम्ही पिल्लू नेले तरी आणि नाही नेले तरी.

जंक्शन, भुसावळ

गाडी बागेच्या आत नेऊ नका, फाटकाबाहेर थांबवून पायी आत जा. तुम्ही पाच अनोळखी माणसे दिसल्यावर ती कुत्री पिल्लांपुढे उभी राहते की मालकाकडे पाहते, ते आधी बघा. आणि मालकाने हाक मारल्यावर तिला शांत व्हायला किती वेळ लागतो, तेही. पिल्ले नंतर पाहा.

केळीबाग, रावेर

यावे. जेवायला भरीत-भाकरी करतो. कुत्री आजपासून बांधली आहे, तिला ते अजिबात आवडलेले नाही.