दोघांचे फोटो, बाहेर : जागा आधी ठरवली की वेळ? तुमचे अनुभव लिहा

दोघांचे फोटो बाहेर काढायचं ठरलं की जागेवर भरपूर खल होतो. तळं की डोंगर, जुनी गल्ली की मोकळं माळरान, यात दिवस जातात. वेळ मात्र ‘सगळ्यांना जमेल तेव्हा’ अशी ठरते. मला हे उलटं वाटतं. सकाळी देखणी दिसणारी जागा दुपारी दोनला बघवत नाही, आणि दिवसभर कुणी ढुंकूनही न पाहिलेली भिंत संध्याकाळी अशी उजळते की मागे दुसरं काही लागत नाही. जागा आणि वेळ हे दोन वेगळे निर्णय नाहीतच.

फोटो काढणाऱ्यांनी लिहा, काढून घेणाऱ्यांनीही लिहा. कॅमेऱ्याचं मॉडेल नको, नावाजलेल्या जागांच्या याद्याही नकोत. ऊन कुठून येत होतं, तुम्ही कुठे उभे होतात आणि शेवटी कुठले फोटो ठेवावेसे वाटले, एवढं पुरे.

सुरुवात मीच करतो. शूट ज्या वेळी असेल त्याच वेळी मी आधी जागा बघून येतो. कॅमेरा पिशवीतच असतो. हात चेहऱ्यासमोर लांब धरायचा, तळवा आपल्याकडे, आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. एका दिशेला पेरांमधल्या सावल्या काळ्याकुट्ट दिसतात, तळहाताची रेघ न् रेघ खोल जाते. थोडं वळलं की तोच हात गुळगुळीत. हात चांगला दिसतो तिथे चेहराही चांगला दिसतो. मग त्या दिशेला मागे काय आहे ते बघायचं. पुष्कळदा मागे कचराकुंडी निघते आणि ते सुंदर झाड नेमकं विरुद्ध बाजूला. अशा वेळी झाड सोडावं. जोडी झाडासाठी अडून बसली तर सकाळची संध्याकाळ करावी, ऊन आपोआप दुसऱ्या बाजूने येतं.

संध्याकाळ मला आवडते ती नुसत्या सोनेरी प्रकाशासाठी नाही. सुरुवातीला कुठलीही जोडी अवघडलेली असते. हातांचं काय करायचं कळत नाही, हसू आणलेलं असतं. संध्याकाळी हा अवघडलेपणा जरा कडक उन्हात उरकतो आणि दोघं सैल होईपर्यंत प्रकाश मऊ झालेला असतो. सकाळी सगळ्यात चांगला प्रकाश आधीच येऊन जातो, तेव्हा दोघं जांभया देत असतात.

* * *

जांभयांना हरकत आहे! आम्ही फोटो काढून घेणारे. माझ्या नवऱ्याला कॅमेरा चालतो, पण बघणारे लोक चालत नाहीत. संध्याकाळी कुठल्याही बऱ्या जागी माणसं असतातच. कुणी थांबून बघतं, कुणी मागून मोबाइल धरतं, एखादं पोर मध्येच धावत जातं, आणि याचा चेहरा दगड होतो. म्हणून आम्ही उजाडायच्या आधी पोचलो. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. वारा पडलेला, त्यामुळे पाण्यात प्रतिबिंब स्वच्छ. आम्ही निघेपर्यंत वारा सुटला आणि पाणी नुसतं करडं झालं.

सकाळचे तोटेही सांगते. गवतावर इतकं दव असतं की लांब कपड्यांचा काठ भिजून गडद होतो आणि फोटोत तो पट्टा दिसतो. डोळे सुजलेले असतात, त्यामुळे तासभर आधी उठणं गरजेचं. पण माणूस लाजरा असेल तर प्रकाशाआधी गर्दीचा विचार करा, असंच मी कुणालाही सांगेन. आखडलेला चेहरा सोनेरी उन्हातही आखडलेलाच दिसतो.

* * *

गोल्डन अवरचं (सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्ताआधीच्या सोनेरी उन्हाच्या वेळेचं) इतकं स्तोम माजलंय की लोक दुपारच्या शूटला सरळ नाही म्हणतात. मला दुपारही मंजूर आहे, आणि मळभ असेल तर सोन्याहून पिवळं. डोक्यावरच्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, नाकाची ओठावर, ही तक्रार खरीच आहे. पण त्यावर उपाय सावलीच्या काठाला आहे. आत खोल सावलीत जायचं नाही. इमारतीची किंवा छपराची सावली जिथे संपते त्याच्या दोन पावलं आत दोघांना उभं करायचं, तोंडं मोकळ्या आभाळाकडे. आभाळच मोठ्या खिडकीचं काम करतं. समोर उन्हात फिकट रंगाची भिंत किंवा फरशी असली तर तिथून परतलेला उजेड हनुवटीखालची सावलीही पुसतो.

दोन गोष्टी सांभाळायच्या. सावलीतला प्रकाश निळसर असतो. भर दुपारचं ऊन साधारण 5500 केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका रंग निळसर) धरलं तर सावली 7000 च्या वर जाते, त्यामुळे व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातलं रंग जुळवायचं सेटिंग) हाताने लावा, नाहीतर चेहरे आजारी दिसतात. दुसरं, पायाखाली हिरवळ आणि वर झाडाचा हिरवा छत असेल तर तो हिरवा रंग मानेवर, जबड्याखाली चढतो. नंतर काढायला फार किचकट. अशा ठिकाणी मी जोडीला सरळ मातीच्या पायवाटेवर आणतो.

ढगाळ दिवशी आभाळ फ्रेममध्ये घेऊ नका. पांढरं फटक येतं. थोडं उंचावरून खाली बघत काढा, किंवा मागे गडद झाडी ठेवा.

* * *

झाडांचा विषय निघालाच आहे म्हणून. जंगलात दुपारी जाऊ नका असं म्हणतात ते कवडशांमुळे. एकाच्या गालावर पांढरा डाग, दुसऱ्याच्या नाकावर, आणि बाकी चेहरा अंधारात. (पानांच्या फटी वेड्यावाकड्या असल्या तरी कवडसे बरेचदा गोल पडतात, कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचीच प्रतिमा असते. ग्रहणात ते चंद्रकोरीसारखे होतात. हे मला फोटोपेक्षा जास्त आवडतं.) आम्ही दोघंही झाडाझुडपात रमणारे, त्यामुळे जागा बदलणार नव्हतो. फोटोग्राफरने सूर्य चांगला कलेपर्यंत थांबवलं आणि ऊन आमच्या पाठीमागून येईल असं उभं केलं. चेहऱ्यावर कवडसे नाहीत, केसांना उजेडाची कड, आणि डाग पडले ते मागच्या पानांवर, जिथे ते छान दिसतात. मात्र जंगलात अंधार फार लवकर होतो. पंचांगातल्या सूर्यास्तावर विसंबू नका.

* * *

डोंगरातही तेच. मावळतीची जी वेळ छापतात ती मोकळ्या, सपाट क्षितिजाची. पश्चिमेला उंच कडा असेल तर दरीतलं ऊन बरंच आधी जातं. आमचं शूट ज्या फोटोग्राफरकडे होतं त्याने मोबाइलमधली वेळ बघून आम्हाला बोलावलं होतं. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा समोरच्या शिखरावर झळाळी आणि आम्ही निळ्या सावलीत. फोटो वाईट आले असं नाही, पण ज्यासाठी एवढं चढून गेलो ते ऊन काही मिळालं नाही.

तेव्हापासून आधीच मूठ लावून बघते. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण 10 अंश झाकते. सूर्य आणि कडा यांच्यामध्ये किती मुठी मावतात ते बघायचं.

* * *

मुठीच्या हिशेबाला पुरवणी. ‘एक बोट म्हणजे पंधरा मिनिटं’ हा ठोकताळा सगळीकडे फिरतो, तो सगळीकडे चालत नाही. मी विषुववृत्ताजवळ राहिलोय आणि नंतर खूप उत्तरेलाही. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, पण विषुववृत्ताजवळ तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. तिथे एक मूठ म्हणजे चाळीसेक मिनिटं. 60 अंश अक्षांशावर तो तिरपा घसरत जातो. दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराला तिथे तेवढंच अंतर उतरायला साधारण दुप्पट वेळ लागतो.

सूर्य 6 अंशांच्या खाली आला की गोल्डन अवर सुरू झाला असं ढोबळमानाने मानतात. म्हणजे विषुववृत्तावर क्षितिज गाठेपर्यंत 25 मिनिटंही धड मिळत नाहीत. तिथे दोन जागा ठरवणं फुकट आहे, एकीकडून दुसरीकडे चालत जाईपर्यंत काम संपतं. उत्तरेत उन्हाळ्यात उलट कंटाळा येईपर्यंत ऊन पिवळं राहतं. परगावचं शूट असेल तर आपल्या सवयीची वेळ तिथे नेऊ नका.

* * *

समुद्रकिनारा ठरवणाऱ्यांनी सूर्यास्ताबरोबर भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघावं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. मागच्या आठवड्यात संध्याकाळी रुंद वाळू पाहिली, म्हणून या आठवड्यातही ती असेल असं नाही. आम्हाला खडकांना लागून असलेली आरशासारखी ओली वाळू हवी होती. ती ओहोटीला मिळते, तीही पाणी नुकतंच मागे गेलेलं असताना. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, तेव्हा खडकांवर अडकायची भीतीही असते.

दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो. लांब केस असतील तर वाऱ्याकडे तोंड करून उभी राहा, मग केस मागे जातात. पाठ केली तर प्रत्येक फोटोत तोंडावर केस. माझ्याकडे असे पुष्कळ आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातला एक आमचा सगळ्यात आवडता आहे.

पांढऱ्या वाळूचा एक फायदा: दुपारीसुद्धा खालून इतका उजेड येतो की डोळ्यांखालच्या सावल्या भरून निघतात. डोळे मात्र बारीक होतात. फोटोग्राफर ‘मिटा’ म्हणायचा, मग तीन मोजून ‘उघडा’, आणि लगेच क्लिक.

* * *

बर्फालाही हेच लागू. फक्त कॅमेऱ्याचं मीटर पांढऱ्याला करडं समजून फोटो काळपट करतं, त्यामुळे एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) एक ते दीड स्टॉप वर न्या. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड.

* * *

कुणी चष्म्याबद्दल लिहिलं नाही? आमच्याकडे दोघांनाही चष्मा, आणि माझा उन्हात काळा होणारा. सोनेरी ऊन, सुंदर जागा, आणि मी सगळीकडे गुप्तहेर! या काचा अतिनील किरणांनी गडद होतात, त्यामुळे ढगाळ हवेतही बऱ्यापैकी काळवंडतात, आणि थंडीत जास्तच. पुन्हा स्वच्छ व्हायला काही मिनिटं जातात, तेवढ्यात ऊन गेलेलं असतं. साध्या काचांचा जुना चष्मा घरी असेल तर तो घेऊन जा.

* * *

आम्ही दोघं साठीच्या पुढचे. मुलांनी हौसेने शूट ठरवलं आणि फोटोग्राफर मुलीने पहिल्याच फोनवर विचारलं, ‘किती चालता येईल?’ तिथेच ती मला आवडली. माझे गुडघे लक्षात घेऊन तिने डोंगर रद्द केला. गाडी थांबते तिथून हाकेच्या अंतरावरचा, दोन्ही बाजूंना दिवे असलेला रस्ता निवडला, आणि वेळ सूर्य मावळल्यानंतरची. मला वाटलं, आता काय दिसणार? पण सूर्य गेल्यावर आभाळ काही वेळ गडद निळं राहतं आणि त्यात दिव्यांचा पिवळा उजेड मिसळतो. ती म्हणाली, आभाळ आणि दिवे दोन्ही सारख्याच तेजाचे दिसतील अशी मोजकीच मिनिटं असतात, ती धरायची. अंधार पुरता झाला की मागे नुसतं काळं उरतं.

एकच अट होती, हलायचं नाही. उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं. तिने बसायला बाक दिलं आणि बोलत राहू दिलं नाही, याचा माझ्या बायकोला फार त्रास झाला.

* * *

आमच्या दोघांच्या वर्णात बराच फरक आहे. एकतर ती पांढरीफटक येते, नाहीतर मी काळा ठिक्कर. जागा आणि वेळ निवडताना काही करता येतं का?

* * *

वरच्या प्रश्नाला, धागा काढणारा म्हणून मीच उत्तर देतो. येतं. एका बाजूने येणारं थेट ऊन टाळा, त्यात फरक आणखी वाढतो. सावलीचा काठ किंवा मळभ तुमच्यासाठी उत्तम. ऊन हवंच असेल तर ते दोघांच्याही पाठीमागे ठेवा, म्हणजे दोन्ही चेहरे सारख्याच मऊ उजेडात येतात. बाजूने येणाऱ्या उजेडात उभं राहायचं झालं तर गडद वर्णाचा माणूस उजेडाच्या बाजूला, उजळ वर्णाचा पलीकडे आणि तोंड थोडं वळवलेलं. गडद त्वचा मुद्दाम उजळ करून काढू नका म्हणून फोटोग्राफरला आधीच सांगा. एक्स्पोजर तुमच्या चेहऱ्याला धरून लावलं आणि तिच्या गालावरचा तपशील जात नाही ना एवढं पाहिलं, की काम होतं.

* * *

जागा त्याच वेळी बघून यावी हे पटलं, पण त्याच ऋतूत बघावी हेही त्यात जोडा. दोन इमारतींच्या फटीतून मावळतीचं ऊन थेट रस्त्यावर येतं अशी एक जागा आम्ही मार्चमध्ये हेरून ठेवली होती. शूट जूनमध्ये. तोपर्यंत सूर्य उत्तरेला इतका सरकला की फट रिकामी आणि ऊन इमारतीच्या पलीकडे. 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास तो बरोबर पश्चिमेला मावळतो, एरवी उत्तरेला किंवा दक्षिणेला कललेला. फोटोपिल्ससारख्या अ‍ॅपमध्ये तारीख टाकली की सूर्य कुठल्या दिशेला असेल ते नकाशावर रेघ मारून दाखवतं. आणि बाग किंवा जुनी वास्तू असेल तर ट्रायपॉडला परवानगी लागते का, बंद व्हायची वेळ सूर्यास्ताच्या आधीची तर नाही, हे त्याच फेरीत विचारून घ्या. कित्येक बागांची फाटकं उन्हाची सगळ्यात चांगली वेळ सुरू होतानाच लागतात.