मदत हवी आहे : ‘सांगत्ये ऐका’ आणि ‘भूमिका’, दृश्यतंत्राचे विश्लेषण कसे करावे?

मुक्ता_लिहिते

नमस्कार. निबंधाचा खर्डा मार्गदर्शकांनी ‘यात कथानक आहे, तंत्र कुठे आहे?’ एवढाच शेरा मारून परत पाठवला आहे आणि सोमवारी तो पुन्हा सादर करायचा आहे. मी एक तक्ता केला होता. डावीकडे अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आत्मकथनातील प्रसंग आणि उजवीकडे श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ चित्रपटातील त्याच्याशी जुळणारा प्रसंग, अशी त्याची मांडणी आहे. रंगांचा मुद्दाही घेतला आहे, पण तो तक्त्यात कुठेच नीट बसत नाही. तंत्र म्हणजे नेमके काय लिहायचे, हे कृपया कोणी सांगावे. चित्रपट पुन्हा पाहण्याचा सल्ला देऊ नये. तो मी पाहिला आहे.

पडद्यामागून

काही गोष्टी कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे. निबंधाच्या विषयाचे नेमके शब्द काय आहेत? शब्दमर्यादा किती आहे? पुस्तक तुम्ही मूळ मराठीत वाचले आहे की अनुवादात? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चित्रपटाची कोणती प्रत पाहिली? जालावर फिरणाऱ्या काही प्रतींमध्ये रंग इतके उडालेले असतात की त्यावरून छायालेखकाच्या हेतूविषयी काही लिहिणे धोक्याचे ठरते.

जुना_रसिक

‘सांगत्ये ऐका’ हा अनंत माने यांचा 1959 मधील चित्रपट म्हणजे मराठी तमाशापटांतील मैलाचा दगड होय. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो 131 आठवडे चालला. वसंत पवारांचे संगीत, गदिमांची गीते आणि ‘बुगडी माझी सांडली गं’ यांविषयी लिहिल्याशिवाय आपला निबंध पूर्ण होणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पडद्यामागून

काका, आपण दिलेली माहिती योग्य आहे, पण प्रश्न त्या चित्रपटाचा नाही. आत्मकथनाला त्या गाजलेल्या चित्रपटाचे नाव मिळाले आणि 1977 चा ‘भूमिका’ त्या आत्मकथनावर बेतला आहे. मुक्ताताईंना त्या दोहोंची तुलना करायची आहे.

मुक्ता_लिहिते

विषय ‘चरित्रपर ललितेतर पुस्तकाच्या चित्रपट-रूपांतरातील दृश्यतंत्र’ असा आहे. शब्दमर्यादा 3000 आहे. पुस्तक मराठीतच वाचले. चित्रपट फोनवर पाहिला. आता कृपया मूळ प्रश्नाकडे वळावे.

कात्री_आणि_फेविकॉल

मी संकलनाचे काम करते, त्यामुळे माझा कल त्या बाजूला असणार, हे गृहीत धरावे. तुमच्या तक्त्याची अडचण अशी आहे की तो ‘काय घडले’ याची तुलना करतो. ‘कोण पाहत आहे आणि कोण बोलत आहे’ याची करत नाही. पुस्तकात पहिल्या पानापासून एक बाई आपल्याशी बोलते. ‘मी’ हा तिचा सर्वनामी हक्क तिने कोठेही सोडलेला नाही. चित्रपटात मात्र हंसाची उषा (स्मिता पाटील) होते आणि तिच्या आयुष्याला आधार देणारे तिचे निवेदन नाहीसे होते. मग तो ‘मी’ कोणत्या साधनांनी भरून काढला आहे, हा तुमच्या निबंधाचा कणा असावा.

आरंभ पाहा. पडद्यावर नृत्य सुरू आहे, आपण त्यात रमतो आणि मग लक्षात येते की हे चित्रीकरण आहे. म्हणजे नायिकेची पहिली ओळखच दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून होते. त्यानंतर वर्तमान रंगीत आणि बालपण कृष्णधवल, अशी छायालेखक गोविंद निहलानी यांची योजना आहे. ‘भूतकाळ म्हणून कृष्णधवल’ एवढेच लिहून थांबू नये. उषा ज्या काळात लहानाची मोठी होते, त्या काळातील चित्रपटही कृष्णधवलच होते, त्यामुळे तिची खासगी आठवण आणि तिच्या व्यवसायाची प्रतिमा एकाच पोताची दिसते. पुस्तकात ही गोष्ट शब्दांनी करता आली नसती. रंग तक्त्यात बसत नाही, याचे कारणही हेच आहे, कारण त्याला पुस्तकात जोडीदार प्रसंगच नाही.

ध्वनीकडेही लक्ष द्यावे. रेडिओवरच्या बातम्यांतून काळ पुढे सरकतो आणि संगीतकार वनराज भाटिया यांनी चित्रपटातील चित्रपटांची गाणी त्या-त्या काळाच्या घडणीत बांधली आहेत.

वाचनमग्न

मला हे पटत नाही. कृष्णधवल हा बहुतांशी काळ दाखवण्याचा रुळलेला संकेत आहे. त्यातून एवढा अर्थ काढणे म्हणजे निहलानींच्या माथी आपले विचार मारणे होय. विद्यार्थिनीने आधी काय वगळले, काय बदलले, हेच तपासावे. शिवाय आपण सगळे एक गोष्ट विसरत आहोत. हंसाबाईंनी सांगितले आणि अरुण साधू यांनी शब्दांकन केले, त्यामुळे 1970 मध्ये आलेले पुस्तक हेच मुळात एक रूपांतर आहे. ज्या ‘मी’चा एवढा गौरव चालला आहे, त्यात साधूंची पत्रकाराची निवड मिसळलेली आहे.

कात्री_आणि_फेविकॉल

साधूंचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे आणि तो निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात यायलाच हवा. मात्र वगळलेल्या प्रसंगांची यादी हे पटकथेचे विश्लेषण झाले. गिरीश कर्नाड, सत्यदेव दुबे आणि बेनेगल यांना त्या पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे, त्यामुळे तो विषय मोठाच आहे. पण इथे विचारलेला नाही. संकेताबद्दल म्हणाल, तर संकेत रुळलेला असला तरी तो कुठे वापरला यावरून त्याचा अर्थ ठरतो. अभिनेत्रीच्या आयुष्यावरील चित्रपटात त्याचा अर्थ वेगळा होणारच.

वाचनमग्न

मग ‘अर्थ होतो’ असे लिहावे, ‘योजना आहे’ असे लिहू नये. परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतील.

पडद्यामागून

हा भेद उपयोगी आहे. मुक्ताताईंनी तो टिपून ठेवावा. फोनच्या पडद्यावर प्रकाशयोजनेचे बारकावे कळत नाहीत, म्हणून निदान दोन प्रसंग तरी मोठ्या पडद्यावर, आवाज बंद करून आणि नंतर केवळ आवाज ऐकून तपासावेत.

मुक्ता_लिहिते

आभारी आहे. पण 3000 शब्दांत हे सगळे मावणार नाही. कोणते दोन प्रसंग घ्यावेत, एवढेच आता सांगावे.

कात्री_आणि_फेविकॉल

पहिला काळ्यांच्या वाड्याचा, जिथे उषा राहायला जाते. अमरीश पुरी यांचा विनायक काळे तिच्यावर आवाज चढवत नाही. तिला जत्रेला जायचे असते आणि या घरातील स्त्रिया बाहेर जात नाहीत, एवढेच तिला कळते. त्या भागात कॅमेरा किती वेळा दारांच्या आणि खांबांच्या चौकटीतून पाहतो आणि स्मिता पाटील चौकटीच्या आत आहेत की उंबऱ्यावर, याची प्रत्येक दृश्यागणिक नोंद करावी. दुसरा शेवटचा, हॉटेलच्या खोलीतील. तिचा सहअभिनेता राजन याचा फोन येतो आणि ती बोलत नाही. तुमच्या खर्ड्यात ‘तिला एकटेपणा जाणवतो’ असे वाक्य असेल, तर ते काढून टाकावे. तिला काय वाटते, हे चित्रपट सांगत नाही; पुस्तकभर जी बोलत राहिली, तिला तो बोलू देत नाही, की न बोलण्याची मोकळीक देतो, हे तुम्हाला चेहरा, दृश्याची लांबी आणि फोनमधून येणारा आवाज यांच्या आधारे ठरवायचे आहे.

वाचनमग्न

‘मोकळीक’ हे माझ्या मते चुकीचे वाचन आहे, त्यावर सविस्तर लिहितो. तोवर पुस्तकाचे शेवटचे प्रकरण त्या दृश्याशेजारी ठेवून वाचावे. तेवढा एक भाग तक्त्यात राहिला तरी चालेल.